उपडी बादली

या, आत या. नाही, चपला काढू नका, घालूनच या. विचित्र वाटेल, पण माझ्या घरची रीत आता हीच आहे. विरजण देते, घाई कसली? तुमचं दूध अजून कोमट व्हायचं असेल, तोवर बसा. बाहेर ऊन काय पडलंय! घ्या, पाणी प्या. तांब्या त्या स्टुलावर ठेवा. खुर्ची तुमची, मी इथेच बरी आहे, या बादलीवर.

बिल्डिंगमधल्या बायका हसतात, मला ठाऊक आहे. आशाबाई भरदुपारी उपड्या बादलीवर बसून साड्यांना फॉल लावते, तिचं डोकं फिरलंय म्हणतात. म्हणू देत. तुम्ही खालच्या मजल्यावर नव्या आलात आणि तोंडावर विचारलंत, म्हणून तुम्हाला सांगते. मागून बोलणाऱ्यांना मी काही सांगत नाही.

हे अमरावतीचं घर माझं स्वतःचं आहे. एक खोली आणि ओटा, पण कागदावर माझं एकटीचं नाव. ते कसं मिळालं हे सांगायचं तर आधी अकोल्याच्या घराचं सांगावं लागेल.

अकोल्याला कौलखेडच्या बाजूला आमचं घर होतं. दोन खोल्या, वर गच्ची, पुढे कढीपत्त्याचं झाड. आमचे हे, खुशालराव, सरकारी नोकरीत होते. माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीचा भारी. घर म्हणजे देऊळ म्हणायचे, त्यामुळे उंबऱ्याच्या आत चप्पल चालायची नाही. मे महिन्यात फरशीवर पाय ठेववत नसे, तरी आम्ही सगळे अनवाणीच वावरायचो. दुसरी शिस्त कूलरची. कूलरला त्यांच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. मी फक्त पाणी भरून बादली आणून द्यायची, टाकीत ते ओतणार.

तुमच्याकडे कूलर आहे ना? मग तुम्हाला तो आवाज माहीत असेल. टाकीतलं पाणी संपलं की पंप कोरडा ओढायला लागतो आणि खर्र... खर्र... असं वाजतं, माणसाच्या घशात काही अडकावं तसं. आपल्या वऱ्हाडात तो आवाज आला की घरातलं कोणीतरी झोपेतूनही उठतं. नीट जाग यायच्या आधी हात बादलीकडे गेलेला असतो. हे तर ताडकन उठायचे. आणि पाणी ओतताना बटण बंद करायचे नाहीत, तेवढ्यात खोली तापते म्हणून. मी किती वेळा डोकं आपटलं त्यांच्यापुढे. इतकी वर्षं झालं का काही, म्हणायचे.

मग एका मे महिन्यात झालं. माझ्या मुलीची, आचलची, इथे अमरावतीला परीक्षा होती आणि मी तिच्यासोबत आले होते. समोरच्या अनसूयाकाकूंनी खिडकीतून पाहिलं. हे ओल्या फरशीवर अनवाणी पडले होते, एक हात कूलरच्या टाकीत आणि दुसऱ्या हातात लोखंडी बादली. काकू मला नंतर एवढंच म्हणाल्या, की मुठीतून बादली सोडवायला दोन माणसं लागली.

त्यानंतर मला तेल्हाऱ्याला दिराकडे नेलं. गोवर्धनभाऊजींची शेती मोठी, वाडाही मोठा, आणि मी त्यात चुलीपाशी. माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही, हेही सांगते. पण बाजारात जायचं तर विचारायचं, मुलीला फोन करायचा तर कोणीतरी शेजारी उभं. दुसऱ्याच्या घरात म्हातारं होणं म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. अकोल्याचं घर भाड्याने दिलं होतं, तर भाडेकरू पहिल्याच उन्हाळ्यात पळाले. भाऊजी गावभर सांगत सुटले, की दादा घरातच आहे, ते घर कोणी घेणार नाही. आणि मग मला हळूच म्हणायचे, माझ्या नावावर करून द्या, घरचं घरात राहील.

आचलने इथली ही खोली शोधली. मालक उन्हाळाभर थांबायला तयार होता, त्यापुढे नाही. अकोल्याचं घर विकलं तरच ही खोली माझी, नाहीतर जन्मभर तेल्हाऱ्याची चूल. म्हणून एका सकाळी मी कोणालाही न विचारता अकोल्याची बस धरली. पिशवीत चुन्याचा कुंचला आणि दोन जुन्या साड्या होत्या.

दलाल फोनवर म्हणाला होता, घर जरा दिसण्यासारखं करा, तरच गिऱ्हाईक आणतो. घर दिसण्यासारखं करायला पैसा लागतो आणि माझ्याकडे फॉल-पिकोच्या कमाईखेरीज काही नव्हतं. रंगारी लावणं परवडणार नव्हतं. मग मीच पदर खोचला. चुना भिजवला, त्यात डिंक आणि नीळ घातली. भिंतीतल्या खिळ्यांच्या भोकांत टूथपेस्ट भरली, वरून चुना दिला की पत्ता लागत नाही. गळक्या नळाला सायकलच्या ट्यूबचा वायसर कापून लावला. ओट्यावरचा तेलकटपणा सोड्याने घासला, दाराच्या बिजागऱ्यांना तेल दिलं आणि साड्या फाडून खिडक्यांना पडदे केले. विजेचं कनेक्शन भाडेकरू गेल्यापासून कापलेलं होतं. मीटरला सील होतं. ते जोडायचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून दलालाला सांगितलं, गिऱ्हाईक सकाळच्या उजेडात आण. अकोल्यात नळ रोज कुठे येतो? पाणी काकूंच्या हौदातून बादलीने आणत होते. बादली तीच. घरात दुसरी नव्हती.

मधल्या खोलीच्या खिडकीत कूलर तसाच होता. गंजलेला, ताट्यांमधला वाळा काळा पडलेला, टाकीत वाळकी पानं आणि कबुतराची पिसं. वायर मीच सुतळीने गुंडाळून वर बांधून ठेवली. भंगारवाल्याला बोलावलं तर तो दारातून बघून गेला, परत आलाच नाही.

पहिल्या दुपारी मी फरशीवर जरा आडवी झाले. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. चुन्याचा वास नाकात बसला होता. डोळा लागतो न लागतो तोच अंगावर गार झुळूक आली. ओल्या वाळ्याचा वास आला, आपल्याला उन्हाळ्यात हवाहवासा वाटतो ना, तो. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आणि मग आवाज आला.

खर्र... खर्र...

मी उठून बसले. झुळूक थांबली. जाऊन बघितलं तर वायर सुतळीत बांधलेली, टाकीत तीच वाळकी पानं. वाळ्याला हात लावला... तो ओला होता. बोटं गार पडली माझी. मी हात पदराला पुसला आणि पुन्हा कुंचला उचलला. घाबरले नाही असं नाही. पण घाबरून बसले असते तर भिंत कोणी रंगवली असती?

संध्याकाळी काकूंना विचारलं, भाडेकरू का गेले? त्या आधी चहा ढवळत बसल्या. मग म्हणाल्या, त्या घरातली बाई दुपारी झोपायची आणि जागी व्हायची ती कूलरसमोर. अनवाणी, हातात भरलेली बादली. नवऱ्याने एकदा वेळेवर धरली म्हणून वाचली.

"आशा, तू तिथे दुपारी झोपू नकोस," काकू म्हणाल्या. "दुपारी माझ्याकडे येत जा."

मी हो म्हटलं आणि गेले नाही. माझंच घर, मीच रंगवत होते, आणि दुपारी उठून पळायचं कोणासाठी?

दुसऱ्या दिवशी सकाळी गोवर्धनभाऊजी मोटरसायकलवर हजर. त्यांना बातमी कोणी दिली देव जाणे. रंगवलेल्या भिंती बघून त्यांचा चेहरा पडला. उंबऱ्यावरच उभे राहिले, आत काही आले नाहीत.

"वयनी, हे काय करून राहिल्या तुमी? दादा हाय या घरात."

"हाय तं हाय," मी म्हटलं.

"मंग त्याले सोडून कुठी जासान? बाईमाणसानं एकटं राहाचं म्हनजे... लोक काय म्हनतीन? माह्या नावावर करून द्या. तुमाले आमच्याकडं काय कमी हाय?"

"काय कमी हाय ते सांगतो, भाऊजी. तिथं मले माह्या मनानं एक कप च्या करता येत नाई."

त्यांनी मोटरसायकल वळवली. जाताना म्हणाले, की काही झालं तर आमच्या दारात येऊ नका. मी कुंचला चुन्यात बुडवला आणि कोपरा राहिला होता तो पुरा केला. रागाच्या भरात तो कोपरा जरा वेडावाकडाच झाला.

त्या दुपारी मी झोपले नव्हते, हे लक्षात ठेवा. मी दाराला तेल देत होते. चपला सवयीने उंबऱ्याबाहेर काढल्या होत्या, इतक्या वर्षांची सवय. गार झुळूक आली. मी वळून पाहिलं नाही. आवाज सुरू झाला. खर्र... खर्र... मी दात आवळले आणि बिजागरीवर कापूस फिरवत राहिले. आवाज वाढला. कोणी तहानेने घसा खरवडतंय असा तो आवाज... आणि त्यात घाई होती. ह्यांचीच घाई, पाणी आणायला मला उशीर झाला की असायची ती.

पुढचं मला आठवत नाही. एवढंच कळलं, की पायाखाली ओलं आहे. मी कूलरसमोर उभी होते. उजव्या हातात बादली, काठोकाठ भरलेली. आणि डावा हात टाकीच्या दिशेने पुढे गेलेला. बोटांत मुंग्या आल्या. घरात वीज नाही, मीटरला सील, वायर सुतळीत... आणि माझ्या कोपरापर्यंत मुंग्या चढत होत्या. टाकीत पानं नव्हती, पिसं नव्हती, फक्त काळं काहीतरी हलत होतं. मी मूठ उघडायला गेले. मूठ उघडेना.

तेव्हा मला भीती वाटली, ताई. पण भीतीपेक्षा जास्त संताप आला. हा माणूस जिवंतपणी स्वतः ऐकला नाही, आणि मेल्यावर मला ऐकवतोय? जन्मभर याच्या हाकेला पाणी दिलं. उंबऱ्याच्या आत याच्या शिस्तीने वावरले. आणि आता माझं घर होऊ घातलंय, तर हा मला ओढून नेणार?

डावा हात काही मागे येईना. मग मी पाय ओढले. एक पाऊल मागे, मग दुसरं, बादली हातात तशीच. खांद्यातून हात उपटून निघेल असं वाटत होतं. दारापाशी आले, उंबऱ्याबाहेर पाय टाकला आणि चपलेत अंगठा घुसवला. मग दुसरा. रबरी चपला, उन्हात तापलेल्या. पाय पोळले आणि मूठ सुटली. बादली अंगणात पडली, पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात गेलं.

मी चपला घालून परत आत गेले. त्या घरात चप्पल घालून आत जायची माझी ती पहिलीच वेळ. आणि नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचीही पहिलीच.

"खुशालराव," मी म्हटलं, "लय भरलं म्या तुमच्या घरात पानी. आता नाई भरत. तहान लागली असन तं लागू द्या."

आवाज थांबला. मी काकूंकडून लोखंडी सब्बल आणली आणि कूलर फोडला. पत्रा, पंखा, पंप, सगळं अंगणात ओढून टाकलं. टाकी फोडली तेव्हा आत वाळकी पानं आणि पिसंच होती. संध्याकाळी दुसरा भंगारवाला येऊन घेऊन गेला. खिडकीच्या भोकाला मी साडीचा पडदा लावला आणि त्यातून खरोखरच चांगला उजेड आला. घर एकदम मोठं दिसायला लागलं.

बादली मात्र ठेवून घेतली. जुन्या जाड पत्र्याची, बुडाला गंज नाही. असली बादली आता मिळते कुठे? टाकायची कशाला, असं वाटलं. बाईमाणसाचं मन, दुसरं काय!

गिऱ्हाईक आलं ते सकाळी. धर्मेंद्र म्हणून डाळ मिलमधला मुलगा आणि त्याची बायको रागिणी, दिवस गेलेली. दलालाने मला आधीच बजावलं होतं, की त्या गोष्टीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मुलाला घर आवडलं होतं. भिंतींवरून हात फिरवून बघत होता. मी त्या पोरीच्या पोटाकडे पाहिलं आणि मला गप्प बसवलं नाही. घर गेलं तर गेलं. ही पोर माझ्या न बोलण्यामुळे या फरशीवर पडली, तर मला या खोलीत झोप लागली असती का?

मी सांगितलं. सगळं सांगितलं. दलालाने कपाळावर हात मारला. धर्मेंद्र बायकोकडे बघायला लागला. रागिणी मात्र खिडकीकडे बघत होती.

"कूलर कुठी हाय, काकू?"

"फोडला म्या."

"तुमी? एकट्यानं?" ती जरा हसली. "मंग झालं तं. आपन घेऊ हे घर."

भाऊजींनी ऐकलं तेव्हा म्हणे जेवले नाहीत. मला वाईट वाटलं नाही. आचलने मला इथे आणलं, ही खोली माझी झाली, आणि पहिल्या दिवशी मी माझ्या मनाने चहा केला आणि सगळा एकटीने प्यायला. इतका गोड केला होता की बस.

ती गेल्या उन्हाळ्याची अखेर होती. यंदाचा उन्हाळा लागला आणि एका दुपारी मला जाग आली ती थंडीने. वरचा पंखा बंद होता. माझी साडी गुडघ्यापर्यंत ओली होती, फरशी ओली होती, आणि सकाळी भरून ठेवलेली ही बादली रिकामी माझ्या हातात होती. बोटांत मुंग्या.

मी रागिणीला फोन लावला. तिचं सगळं छान आहे. बाळ दुपारभर शांत झोपतं, घरात काही नाही, म्हणाली. तेव्हा मला कळलं. ते घरात नव्हतं, कूलरमध्येही नव्हतं. ज्या मुठीतून ही बादली सोडवायला दोन माणसं लागली, त्या मुठीचं ते होतं. आणि मी काटकसर म्हणून ते सोबत घेऊन आले.

फेकून द्या म्हणाल. कुठे फेकू? भंगारात दिली तर भट्टीत जाईपर्यंत किती हातांतून जाईल. कोणी चांगली बादली म्हणून घरी नेईल, तिथली एखादी पोर दुपारी उठेल. विहिरीत टाकायची तर पाण्यातच टाकायची, म्हणजे त्याच्या मनासारखं झालं. मी घरच्या माणसाचं लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात बांधत नाही. म्हणून उपडी घालते आणि वर बसते. उपड्या बादलीत पाणी भरता येत नाही. ऊन उतरलं की तो गप्प होतो, मग मी उठते आणि स्वयंपाकाला लागते. उन्हाळा आहे तोवर एवढंच करायचं. बसायला मला काय लागतं? हात मोकळे असतात, फॉल लावून होतात. त्याने कितीही ओढलं तरी मी उठत नाही, आणि माझ्या घरात आता मी सांगेन तीच शिस्त.

काय म्हणालात? पंखा कुरकुरतोय? पंखा नाही तो, ताई. लाईट मघाशीच गेली. तुम्ही ऐकण्यात गुंग होता, तुमच्या लक्षात आलं नाही. हो, गार वाटतंय खरं. दर दुपारी वाटतं. हा आवाज खालून येतोय, या बादलीतून. चालू द्या त्याचं. तुम्ही तुमच्या दुधाचं बघा, कोमट झालं असेल. विरजण फडताळात आहे, वाटी घ्या तुमच्या हाताने...

ताई, फडताळ इकडे आहे.

तुमच्या चपला खुर्चीखाली कशा राहिल्या? कधी काढल्यात? आणि तो तांब्या... तांब्या कशाला उचललात? ठेवा तो. माझ्याकडे बघा. मी इथून उठू शकत नाही, ताई, मी उठले तर ही सुलटी होईल. खुशालराव, ती पाहुनी हाय, तिले सोडा...

ताई, थांबा. त्या खिडकीत कूलर नाही. कधीच नव्हता.